धागा बांधलेला रिमोट

आसाराम मला फारसा माहीत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षं जवळजवळ रोज दुपारी मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. तरी तो कोणत्या साली जन्मला, शाळा कितवीत सोडली, मुलीच्या लग्नात रडला की नाही, यातलं काही मला सांगता येणार नाही. तो वायरींशी बोलायचा, नाहीतर माणसांवर ओरडायचा. मी मुळातच कमी बोलतो. त्यामुळे आमची ओळख म्हणजे एक पायरी आणि दोन कप चहा एवढीच.

लिहिण्याची मला सवय नाही. शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून एकतीस वर्षं काम केलं. बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तेवढंच माझं लेखन. आमचं गाव युसूफ वडगाव. सगळं गाव मला 'मामा' म्हणतं, कारण शाळेतल्या शिपायाला आणि सहायकाला मुलं मामाच म्हणतात. माझं नाव रामकिसन आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसेल. अशा माणसाने कुणाबद्दल लिहावं का, हा विचार करून दोनदा वही मिटली. पण परवा बसथांब्यावर तो फ्लेक्स पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

फ्लेक्सवर एका कोपऱ्यात आसारामचा मतदानकार्डावरचा फोटो आहे. 'रिमोट कार शर्यतीचे आधारस्तंभ, आमचे मार्गदर्शक, भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली मंडळाचे सगळे सदस्य हात जोडून उभे. त्यात अमरसिंहाचा फोटो सगळ्यांत मोठा, गॉगल लावलेला. मेलेल्या माणसापेक्षा चौपट मोठा. ज्यांनी आसारामला दसऱ्यानंतर मैदानात पाय ठेवू दिला नाही, त्यांनीच तो मेल्यावर त्याला स्तंभ केलं. काल तिथून जाताना मी मान खाली घातली नाही. उभा राहून सगळी नावं वाचली. मग घरी येऊन हे लिहायला बसलो.

आसाराम धनगराच्या घरातला. वडिलांची मेंढरं होती, भावाची अजून आहेत. हा मात्र विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी अमरसिंहाने पुण्याहून रिमोटवर चालणारी शर्यतीची गाडी आणली. अमरसिंह म्हणजे गावातल्या सगळ्यांत मोठ्या जमीनदाराचा मुलगा, वय अठ्ठावीस. गाडी खेळण्यातली नव्हे. लहान करडाएवढी, चार किलो वजनाची, आणि गल्लीतून सुटली तर मोटारसायकलीला मागे टाकणारी. मग अंगदने एक आणली. अंगद खताचं दुकान चालवतो आणि सगळ्या मंडळांचा अध्यक्ष असतो. वर्षभरात दहा-बारा गाड्या झाल्या, आठवडी बाजारामागच्या पडीक जागेत मातीचा वळणावळणाचा ट्रॅक झाला, आणि गाड्या बिघडल्या की सगळे आसारामकडे यायला लागले.

गाडी दुरुस्त करणं त्याच्या दृष्टीने किरकोळ होतं. खरं काम रिमोट लावण्याचं. हा रिमोट पिस्तुलासारखा असतो. बाजूला एक छोटं चाक, ते फिरवलं की गाडी वळते. बोटाखाली चाप, आत ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की ब्रेक. आसाराम गाडी एका लाकडी खोक्यावर ठेवायचा, चारही चाकं अधांतरी. मग एकेक गोष्ट लावायचा. चाकाला हात न लावता गाडी सरळ गेली पाहिजे. डावीकडे जेवढी वळते तेवढीच उजवीकडे. मधल्या जागी वळण मऊ, नाहीतर सरळ रस्त्यावर गाडी दारुड्यासारखी झुलते. एका गाडीला दोन-दोन तास. मालक घाई करायला लागला की आसाराम रिमोट त्याच्या पुढ्यात आपटायचा.

"घेऊन जा बे. तुला घाई हाय ना? जा, भिताडावर आपटून ये, मंग बसू."

आणि कुणी गाडीचा खटका आधी दाबला की संपलंच.

"आधी रिमोट, मंग गाडी! बंद करताना आधी गाडी, मंग रिमोट! किती येळा सांगू? डोस्क्यात भुसा भरलाय का तुमच्या?"

अमरसिंहालाही तो असंच बोलायचा. बाकी गाव अमरसिंहाला 'दादा' म्हणतं. आसाराम 'अमर' म्हणायचा, आणि चिडला की 'ए अमर्‍या.' अमरसिंह हसायचा, पण ते हसणं दातांपुरतंच असायचं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सगळ्यात शेवटी आसारामची एक परीक्षा असायची. गाडीत एक काडेपेटीएवढी डबी असते, ती रिमोटचा संदेश घेते. रिमोट आणि डबी यांची एकदा जोडणी करावी लागते. जोडणी करताना चाप जिथे असेल, ती जागा डबी लक्षात ठेवते. पुढे कधी संदेश तुटला तर गाडी त्या जागेवर जाते. आसाराम जोडणीच्या वेळी चाप ब्रेककडे गच्च ढकलून धरायचा. मग खोक्यावर चाकं जोरात फिरवायची आणि फिरत असतानाच रिमोट बंद करायचा. चाकं जागच्या जागी थांबली तरच गाडी मालकाच्या हातात.

"मेंढरू कसं असतंय मामा," तो मला म्हणाला होता, "शिट्टी ऐकू आली न्हाई तर जाग्यावर उभं ऱ्हातंय. आमच्या बापानं तसं शिकवलंय त्येला. ह्या गाडीला अक्कल न्हाई. तेवढी अक्कल मी घालतो."

ही त्याच्या तोंडून मी ऐकलेली सगळ्यांत लांब गोष्ट.

यंदाच्या दसऱ्याला मंडळाने शर्यत ठेवली. दुपारी चारला शर्यत, मग सीमोल्लंघन, मग सोनं लुटायचं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आसारामने आपले पेचकस, पकड, वायरी जोडायची डागणी, सगळं पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं होतं. त्याच्या घरचा नेम असा, की पूजेला बसलेलं हत्यार सोनं लुटेपर्यंत उचलायचं नाही. वडील कातर मांडायचे, हा पेचकस मांडायचा.

दसऱ्याच्या सकाळी अमरसिंह नवी डबी घेऊन आला. कुरिअरने आलेली, जुनीपेक्षा चपळ म्हणे.

"आसाराम, एवढी बसवून दे."

"हत्यारं बसलीत. परवाच तुझा रिमोट लावून दिलाय. तसाच पळव. डबी उद्या बसवू."

"अरे, दहा मिन्टाचं काम हाय."

"मंग तूच कर की. पर सांगून ठिवतो, जोडणी केलीस तर मला दाखवल्याबिगर मैदानात उतरवू नको. पेचकस उचलत न्हाई मी, पर बघायला डोळे हायेत."

अमरसिंह पायरीवर माझ्याकडे वळला. "मामा, तुमाला इंग्रजी वाचता येतं ना? चला. माझे दोन्ही हात गुतलेले असत्यात, पुस्तक तुमी वाचा."

मी गेलो. नाही म्हणायची मला कधी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी बोलावलं याचं बरंही वाटलं.

त्यांच्या ओसरीवर रिमोट पाटावर होता. अमरसिंहाच्या आईने, गीताबाईंनी त्याचीही पूजा केली होती. मुठीला आणि चापाला मिळून लाल धाग्याचे पाच वेढे घातलेले, त्यात झेंडूचं फूल. चाप अर्ध्याच्या वर आत ओढला गेलेला. आतून गीताबाई म्हणाल्या, "धागा काढू नको रे, सोनं लुटूस्तोवर."

"न्हाई काढत, आई."

मी पुस्तक वाचायला लागलो. वाचताना ते वाक्य आलं. मला ते कळलं, हे मुद्दाम लिहितो. न कळल्याचं सोंग आता करायचं नाही. मी म्हणालो, "चाप ब्रेककडे ढकलून धरायचा, असं लिहिलंय." एकदाच म्हणालो, आणि माझा आवाज किती असतो ते मला माहीत आहे.

"मामा, बत्ती लुकलुकायलीय, पुढचं वाचा लवकर!"

मी पुढचं वाचलं. बत्ती स्थिर झाली, जोडणी झाली. पण चालू करतानाच चाप ओढलेला असला की गाडी सुटत नाही, तशी ती नुसती टुकटुक वाजत राहिली, हलेना. अमरसिंहाने विचार केला, आतल्या दाराकडे पाहिलं, हळूच धागा चापावरून सरकवून मुठीवर घेतला. चाप मोकळा झाला आणि गाडी झकास पळाली. तो हसला. मीही हसलो. धागा होता म्हणून हलत नव्हती, आता काढला, मिटलं. डबीने मात्र ओढलेला चापच लक्षात ठेवला होता.

खोक्यावर ठेवून रिमोट बंद करून बघायला हवं होतं. शंभर वेळा मी ते पाहिलं होतं. माझ्या तोंडात शब्द आलाही होता. पण वाटलं, ही जाणती माणसं आहेत, आपण कोण सांगणारे. ही माझी जुनी खोड. आयुष्यभर मी तिला नम्रपणा म्हणत आलो. आता म्हणणार नाही.

अमरसिंहाने गाडी आसारामला दाखवली नाही. थेट ट्रॅकवर उतरवली. दाखवली नाही म्हणजे जुनीच डबी असणार, असं आसारामने धरलं; नवी बसवल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं, मी त्याच्यापासून वीस पावलांवर उभा होतो.

चालवणारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे होते. पाचव्या फेरीला अमरसिंह पुढे निघाला, आणि आनंदाने ट्रॉलीतच उडी मारली. रिमोटच्या खालचं झाकण उघडलं, चारही सेल पत्र्यावर सांडले. संदेश तुटला. गाडी थांबायला हवी होती. ती सुसाट सरळ निघाली, दोरी तोडून बाहेर गेली आणि झेंडूची पाटी घेऊन बसलेल्या मंजुळाबाईच्या नडगीवर आदळली. तिथून उसळून त्यांच्या फुलांत शिरली आणि चाकं तशीच फिरत राहिली.

आसाराम धावला. पायाने गाडी उलटी केली आणि फिरत्या चाकांत हात घालून बॅटरीची वायर उपटली. दोन बोटांची कातडी गेली. मंजुळाबाई किंचाळत होत्या, आणि हा रक्ताळलेला हात वर करून ओरडत होता, "रिमोट बंद हाय आन चाकं फिरायलेत! कुणी जोडली ही? कुणी जोडली?"

ट्रॉलीतून अमरसिंह म्हणाला, "तूच की. तूच तर रिमोट लावतोस सगळ्यायचे."

मंजुळाबाईंना अंबाजोगाईला नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर मंडळाची बैठक भरली. अमरसिंह म्हणाला, रिमोट आसारामने लावला होता, सगळ्यांना माहीत आहे. नव्या डबीचं नाव नाही. आसाराम पट्टी बांधलेला हात घेऊन उभा राहिला. त्याने एकच मागितलं.

"खोकं आणा. गाडी ठिवा. सगळ्यायच्या म्होरं रिमोट बंद करू. माझी जोडणी असंल तर चाकं थांबतील. न्हाई थांबली तर ती माझी न्हाई."

"गाडी पुण्याला पाठवली दुरुस्तीला," अमरसिंह म्हणाला.

"एका रात्रीत?"

"व्हय. तुला विचारून पाठवायची का?"

दोघे-तिघे हसले. मग आसाराम माझ्याकडे वळला. "मामा, तुमी गेलता त्येच्यासंगं. मी बघितलंय. सांगा काय झालं."

मी उठलो. सगळा पार माझ्याकडे बघत होता. अमरसिंह हातातली किल्ली फिरवत होता. मी म्हणालो, "मी फक्त वाचलं." आणि खाली बसलो.

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त हलकट होतं.

अंगदने निकाल दिला, की आसारामने यापुढे कुणाच्या रिमोटला हात लावायचा नाही, मैदानात यायचं नाही.  आसाराम मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाटावरचे पेचकस त्याने एका पिशवीत भरले, दुकानाला कुलूप लावलं आणि रानातल्या घरी राहायला गेला. मोटारीचे स्टार्टर घेऊन लोक तिकडे गेले, तर म्हणाला, "ज्यायचा भरोसा हाय त्येच्याकडं जावा."

बारा दिवस मी त्या रस्त्याने गेलो नाही. तेराव्या दिवशी गिरणीत मंजुळाबाईची सून कुणाला तरी सांगत होती, की सासू रोज सकाळी उठून आसारामला शिव्याशाप देते, त्याच्या हाताला किडे पडोत म्हणते. मी दळण तिथेच ठेवलं आणि मंजुळाबाईच्या घरी गेलो. त्या बाजेवर प्लास्टरचा पाय पसरून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. धागा, पुस्तक, चाप, पार. 

मंजुळाबाई माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुबडी उचलून माझ्या मांडीवर हाणली.

"मला आत्ता कावून सांगायलास रे मुडद्या? बारा दिस झाले, मी त्या गरिबाच्या हाताला शिव्या द्यायलेय! फुकट गेल्या माझ्या शिव्या!" थोडा दम घेऊन म्हणाल्या, "आयतवारी खेळत्यात का ते? मला रिक्षात घाल."

रविवारी गेलो. मंजुळाबाईंनी ट्रॅकच्या मधोमध खुर्ची मांडून घेतली. गाड्या थांबल्या. अंगद पळत आला, "मावशी, बाजूला बसा, लागंल."

"लागलंय की. आता काय लागायचं ऱ्हायलंय? ह्यो मामा काय म्हणतोय ते ऐका, तवर मी हलत न्हाई."

मी अंगदकडे त्याची गाडी मागितली. खोकं मांडलं. एकतीस वर्षं मी मास्तरांसाठी प्रयोग मांडले होते, स्वतः कधी करून दाखवला नव्हता. आधी चाप ब्रेककडे धरून जोडणी केली, चाकं फिरवली, रिमोट बंद केला. चाकं थांबली. "ही आसारामची रीत," मी म्हणालो. मग खिशातून लाल धागा काढला, चाप आत ओढून मुठीसकट पाच वेढे घातले, पुन्हा जोडणी केली. गाडी टुकटुकली. धागा सरकवला, चाकं फिरवली, रिमोट बंद केला. चाकं फिरतच राहिली. मग मी वायर काढली.

"ही दसऱ्याची," मी म्हणालो. माझा आवाज फाटला होता, पण मोठा होता.

अमरसिंह हसला. "म्हंजे चूक मामांचीच निघाली की. पुस्तक तुमीच वाचलं."

"माझी आहे," मी म्हणालो. "आणि तुझी आहे. आसारामची नाही. हे त्याच्या घरी जाऊन सांग."

तो आपली गाडी उचलून निघून गेला. अंगद म्हणाला, "जाऊ द्या मामा, झालं ते झालं. पुढच्या आयतवारी मानानं बोलावू आसारामला." कुणी गेलं नाही. पुढच्या रविवारी तिथे गाड्या पळाल्या. त्याच्या पुढच्याही.

मीच गेलो. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर वीस दिवसांनी आसाराम दुपारी गोठ्यात वाकला तो उठलाच नाही.

रानातल्या घरापुढे तो मेंढरं कोंडायच्या वाघरीची फाटलेली जाळी विणत बसला होता. बोटांची कातडी नवी, गुलाबी आली होती. त्याची बायको साखराबाई मला बघून आत गेली, पाणीही विचारलं नाही. बरोबर होतं तिचं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"आता सांगायलात व्हय," तो म्हणाला. "पारावर तोंडात काय शेण धरलं व्हतं?"

"हो," मी म्हणालो.

तो विणत राहिला. मग विचारलं, "कोण कोण व्हतं?" मी नावं सांगितली. एकेका नावाला तो मान हलवत होता.

"खोक्यावर ठिवली व्हती?"

"खोक्यावर."

"आधी रिमोट, मंग गाडी?"

"आधी रिमोट."

"चाकं किती जोरात फिरली?"

"अर्ध्या जोराच्या वर."

"फिरणारच," तो म्हणाला आणि गाठ दातांनी तोडली. चेहऱ्यावरचा राग तसाच होता. मैदानात याल का, असं विचारायला माझी जीभ उचलली नाही. साखराबाईने आतून एकच कप चहा आणून त्याच्यापुढे ठेवला. मी निघालो.

"मामा."

मी वळलो. तो जाळीकडेच बघत होता.

"जाताना फाटक लावून घ्या. शेरडं आत येतेत."

"लावतो," मी म्हणालो.